पाळण्यावरून शेळ्या

एका निवेदनावर सही केली नाही, एवढ्या एका अपराधावरून गेले काही महिने मी आमच्या वाशीत 'प्रगतीचा शत्रू' म्हणून ओळखला जात आहे. सकाळी दूध आणायला निघालो की समोरून येणारे सद्‌गृहस्थ रस्ता बदलतात असे नाही, पण पूर्वी जे थांबून "काय मास्तर, नवी कादंबरी कुठवर आली?" असे विचारीत, ते आता नुसती मान हलवून पुढे जातात. कादंबरी कुठवर आली हे कोणी विचारले नाही म्हणजे लेखकाला किती बरे वाटते, हे लेखकालाच ठाऊक! तेव्हा माझी तक्रार त्याबद्दल नाही. माझे म्हणणे कोणी ऐकूनच घेतले नाही, ही माझी तक्रार आहे. सभेत मला दोन मिनिटे मिळाली, आणि दोन मिनिटांत चित्रकलेच्या मास्तराला पेन्सिलीला टोकसुद्धा नीट काढता येत नाही. म्हणून हा लेख.

निवेदन होते आकाशपाळण्याबद्दल. वाशीच्या खाडीकाठी, जिथे संध्याकाळी आमची मंडळी पाय मोकळे करायला जातात तिथे, लंडनच्या धर्तीवर एक भव्य आकाशपाळणा उभारावा; त्यातून खाडी, पूल आणि पलीकडची मुंबई एका नजरेत दिसावी; पर्यटन वाढावे, रोजगार वाढावा आणि शहराचे नाव जगाच्या नकाशावर जावे, अशी ती मागणी होती. नावही तयार होते: 'वाशी आय'. सभेत हे नाव मोठ्याने वाचले गेले तेव्हा मागच्या रांगेतल्या एका म्हातारबुवांनी शेजाऱ्याला विचारले, "कुणाची आय?" सभा हसली. म्हातारबुवा हसले नाहीत. ते आमच्या साताऱ्याकडचे. त्यांच्या कानाला 'आय' या शब्दाचा दुसरा अर्थ ठाऊक नव्हता.

निवेदन काढणारे गृहस्थ माझे जुने स्नेही आहेत, आणि माणूस म्हणून सज्जन आहेत, हे आधीच सांगून टाकतो. ते कागद घेऊन माझ्याकडे आले आणि म्हणाले, "मास्तर, पहिली सही तुमची. अहो, सबंध वाशीत लंडनचा पाळणा बघून आलेला लेखक तुमच्याशिवाय कोण आहे?"

मी म्हणालो, "तो पाहून आलो म्हणूनच सही करीत नाही."

त्यांना वाटले मी विनोद करतो आहे. लेखकाची हीच पंचाईत असते. खरे बोलले तरी लोक टाळी द्यायला हात पुढे करतात.

माझी योग्यता काय, असे कोणी विचारण्यापूर्वी मीच सांगतो. मी मॅट्रिक. आजच्या भाषेत दहावी पास. पुढे चित्रकला शिकवण्याची पदविका घेतली आणि शाळेत लागलो. वडील माथाडी कामगार. मुंबईत वखारीत ओझी वाहत होते. १९८१ च्या सुमारास कांदा-बटाट्याचा घाऊक बाजार मुंबईतून इकडे आला, तेव्हा पाठीवरच्या पोत्याबरोबर आम्ही पोरेही इकडे आलो. म्हणजे मी काही या खाडीचा भूमिपुत्र नव्हे. ज्या जमिनीवर आमची इमारत उभी आहे ती कोणाची होती, हे मला पुष्कळ वर्षे ठाऊक नव्हते आणि जाणून घेण्याची इच्छाही नव्हती. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो. पुढे दुसऱ्यांवर बोट ठेवणार आहे, तेव्हा उरलेली तीन बोटे कुणीकडे वळतात हे वाचकाला आधीच दिसलेले बरे.

माझा धाकटा भाऊ लंडनला नोकरीला आहे. एका उन्हाळ्याच्या सुट्टीत त्याने मला बोलावून घेतले. "दादा, इथे येऊन 'आय'वर चढला नाहीस तर गावी तोंड काय दाखवशील?" असे म्हणून तो मला थेम्सच्या काठी घेऊन गेला. तिकिटाचे मी मनातल्या मनात रुपये केले आणि गप्प बसलो. तीन हजारांच्या वर जाणारा आकडा पाहिला म्हणजे माथाडीच्या मुलाच्या पोटात आपोआप गोळा येतो.

पण मला पाळणा आवडला, हे कबूल केले पाहिजे. न आवडल्याचे सोंग मला आणता येणार नाही. १३५ मीटर उंचीचे ते चाक, त्याच्या कडेला काचेच्या ३२ खोल्या, एकेका खोलीत २५ माणसे मावतात. चाक इतके सावकाश फिरते की सहसा ते थांबवावे लागतच नाही. चालत्या खोलीतच माणूस पाऊल टाकून आत जातो. एका फेरीला अर्धा तास लागतो. खोल्या ३२ का, तर लंडनचे नागरी विभाग ३२. मात्र क्रमांक ३३ पर्यंत जातात, कारण १३ हा आकडा गाळला आहे! आमच्याकडचे मांजर आडवे गेले की हसणारे विद्वान या तेरावर काय म्हणतात ते पाहायला हवे. वर गेलो, नदीचे वळण दिसले, पार्लमेंटचे मनोरे पायाखाली आले, आणि खरोखर क्षणभर श्वास अडकला.

मग मी भावाला विचारले, "तुझे घर कुठे?"

त्याने काचेवर बोट टेकवले. ते बोट थोडे डावीकडे नेले, थोडे उजवीकडे आणले, आणि म्हणाला, "तिकडे कुठेतरी असेल."

ज्या घराचे हप्ते फेडता फेडता त्याचे केस पांढरे झाले, ते त्या उंचीवरून 'तिकडे कुठेतरी' होते. त्याच घटकेला माझ्या मनात या लेखाचे बी पडले.

आमच्या निवेदनात एक वाक्य होते: 'उंचीवरून पाहिल्याने नागरिकांची दृष्टी विशाल होते.' वाक्य गोंडस आहे. शाळेच्या भिंतीवर लिहिता येईल. पण चित्रकलेच्या मास्तराला विचाराल तर ते साफ खोटे आहे. यथार्थदर्शनाच्या पहिल्या धड्यात आम्ही मुलांना शिकवतो की क्षितिजरेषा ही नेहमी पाहणाऱ्याच्या डोळ्यांच्या उंचीवर असते. बसलात तर ती खाली येते, उभे राहिलात तर वर जाते, गच्चीवर चढलात तर तीही तुमच्याबरोबर गच्चीवर चढते. म्हणजे माणूस कितीही वर गेला तरी क्षितिजापेक्षा उंच होत नाही. बदलते एवढेच की पायाजवळची माणसे आधी लहान होतात, मग बाहुल्या होतात, मग ठिपके. ठिपक्याला चेहरा नसतो, नाव नसते आणि तक्रारही नसते. दृष्टी विशाल झाली असे आपल्याला वाटते. वस्तुतः समोरचा माणूस लहान झालेला असतो.

आमच्या भाषेत या विद्येला फार जुने नाव आहे: उंटावरून शेळ्या हाकणे. उंट उंच असतो, त्यावरून सगळा कळप दिसतो. फक्त कोणत्या शेळीच्या पायात काटा रुतला आहे तेवढे दिसत नाही.

कोणी म्हणेल, मास्तर, एका खेळण्यावर एवढे तत्त्वज्ञान कशाला? तर तत्त्वज्ञान राहू द्या, इतिहास पाहू. हे खेळणे जन्माला आले तेच मुळी ईर्ष्येपोटी. पॅरिसने १८८९ साली आयफेलचा मनोरा उभा केला, तेव्हा शिकागोला १८९३ च्या प्रदर्शनात त्याच्यावर ताण करायची होती. जॉर्ज फेरिस नावाच्या इंजिनियराने २६४ फूट उंचीचे चाक उभारले. त्याला ३६ डबे होते, एका डब्यात ६० माणसे. लोक लोटले. पण प्रदर्शन संपले, चाकाची नवलाई ओसरली, आणि फेरिस १८९६ साली कर्जबाजारी होऊन ऐन तारुण्यात वारला. त्याचे चाक १९०६ साली सुरुंग लावून उडवून दिले. तेव्हापासून ही शर्यत चालू आहे. लंडनचे १३५ मीटर झाले, म्हणून २००८ साली सिंगापूरने १६५ केले. म्हणून २०१४ साली लास व्हेगासने त्याच्यावर दोन-अडीच मीटर चढवले. म्हणून २०२१ साली दुबईने एकदम २५० मीटर गाठले. ते २५० मीटरचे चाक २०२२ च्या मार्चमध्ये बंद पडले ते थेट २०२४ च्या अखेरीस पुन्हा सुरू झाले. आपली मुंबई तरी मागे कशी राहील? २०२० च्या जानेवारीत तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी वांद्र्याला 'मुंबई आय' उभारण्याचे जाहीर केले होते. पुढे दोन महिन्यांनी करोना आला आणि माणसांना घराच्या खिडकीतून दिसेल तेवढ्या जगावर समाधान मानावे लागले.

आता माझे स्नेही म्हणतील, 'लंडनने केले ते चालले, आम्ही केले तर खुपले!' नाही, महाराज. लंडनने काय केले ते पुरते पाहा, एवढेच मी म्हणतो. लंडनचा पाळणा कोणाची नक्कल म्हणून उभा राहिला नाही. १९९३ साली नव्या सहस्रकाच्या स्मारकासाठी एक स्पर्धा निघाली. डेव्हिड मार्क्स आणि ज्युलिया बारफील्ड या वास्तुकार नवराबायकोने चाकाची कल्पना पाठवली. स्पर्धेत कोणीच जिंकले नाही. पण ही दोघे हटून बसली, स्वतः कंपनी काढली, परवानग्या मिळवल्या आणि सात वर्षांनी लोक त्यात बसले. लंडनची नक्कलच करायची तर त्या जोडप्याच्या हट्टाची करावी. त्यांच्या चाकाची करणे म्हणजे शेजारणीचा हार आवडला म्हणून तिच्या गळ्याचे माप देऊन आपला घडवून घेण्यासारखे आहे.

आणि दुसरी गोष्ट याहून मोठी आहे. ज्या नदीवर तो पाळणा आहे, त्या नदीचे लंडनने आधी काय केले? १८५८ च्या उन्हाळ्यात थेम्सला अशी दुर्गंधी सुटली की पार्लमेंटचे पडदे चुन्याच्या औषधात भिजवून लावावे लागले. सत्ताधाऱ्यांच्या नाकाशी वास आला तेव्हा कुठे पैसे मंजूर झाले आणि जोसेफ बॅझलजेट याने शहराखालून गटारांचे प्रचंड जाळे बांधले. तरी १९५७ साली शास्त्रज्ञांनी त्या नदीला मृत ठरवलेच. मग पुन्हा कामाला लागले. १९७४ साली तिच्यात सामन मासा सापडला, तो शतकाहून अधिक काळानंतर. तिथेही सारे सोन्याचे झाले असे नाही. सांडपाणी नदीत सांडू नये म्हणून २५ किलोमीटर लांबीचा नवा बोगदा त्यांना खणावा लागला आणि तो २०२५ साली पुरता जोडला गेला. पण क्रम लक्षात घ्या. आधी नदी, मग पाळणा. आमच्या निवेदनात पाळण्यावर दोन पाने होती आणि खाडीच्या पाण्यावर एक ओळ: 'सुशोभीकरण करण्यात येईल.' पाण्याचे सुशोभीकरण कसे करतात, हे मला चित्रकलेचा मास्तर असूनही माहीत नाही.

तिसरी गोष्ट मी त्या काचेच्या खोलीतूनच पाहिली. पाळण्याच्या पायथ्याशी एक भली थोरली दगडी इमारत आहे. मला वाटले राजवाडा असेल. भाऊ म्हणाला, ते 'काउंटी हॉल'. लंडनच्या लोकनियुक्त कारभाराचे ते घर होते. १९८६ साली सरकारने ती नगरसंस्थाच मोडीत काढली. आता तिथे हॉटेल आहे आणि मत्स्यालय आहे. शहराला पुन्हा महापौर आणि नगरसभा मिळाली ती २००० साली, आणि ती त्या घरात परतली नाही. ज्या वर्षी पाळणा फिरू लागला त्याच वर्षी! म्हणजे चौदा वर्षे त्या महानगराला आपले म्हणावे असे सभागृह नव्हते. आपल्याकडे तरी काय झाले? आमच्या नव्या मुंबईच्या महापालिकेची मुदत २०२० च्या मे महिन्यात संपली आणि त्यानंतर पाच वर्षांहून अधिक काळ एकही नगरसेवक नसताना कारभार प्रशासकाच्या हाती चालला. त्या काळात खाडीकाठच्या माणसाने आपले गाऱ्हाणे कोणाच्या दारात न्यायचे? आमच्या मंडळींनी त्यासाठी एक निवेदन काढले असते तर मी रक्ताने सही केली असती. पण ज्याला सभागृह रिकामे असल्याचे दुःख नाही, त्याला मात्र आभाळ रिकामे असल्याचे मोठे दुःख!

आता घरच्या खाडीकडे येतो.

हे आमचे शहरच मुळी उंचावरून पाहून बांधलेले आहे. १९६५ साली चार्ल्स कोरिया, प्रविणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडे नवे शहर वसवण्याची कल्पना मांडली. १९७० साली सिडको स्थापन झाली. हेतू वाईट होता असे मी म्हणणार नाही. मुंबईचा श्वास कोंडला होता, आणि त्या कल्पनेवाचून माझ्या वडिलांना दोन खोल्यांचे घर मिळाले नसते. पण नकाशावर जी मोकळी जागा दिसली ती मोकळी नव्हती. तिथे ९५ गावे होती. भातखाचरे होती, मिठागरे होती, खाजणे होती, आगरी-कोळ्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट होती. नकाशा उंचावरून काढतात; त्यात वहिवाट दिसत नाही. जमिनीच्या योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली लोक रस्त्यावर आले, आणि १९८४ च्या जानेवारीत १६ आणि १७ तारखेला उरण तालुक्यात झालेल्या पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. त्यानंतर साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. पाच माणसे पडल्यावर ठिपक्यांना चेहरे फुटले. उंचावरून पाहण्याची ही किंमत आहे, आणि ती पाहणाऱ्याने दिलेली नाही.

जमीन गेली, खाडी उरली. १९७३ साली वाशीचा पहिला पूल झाला, १९९७ साली दुसरा, आणि अलीकडे तिसरा. प्रत्येक पुलाने आमचा प्रवास सुखाचा केला, आणि प्रत्येक पुलाच्या वेळी कोळ्यांना वाट वाकडी करावी लागली. तिसऱ्या पुलाच्या वेळी मच्छीमारांची सहकारी संस्था उच्च न्यायालयात गेली. अशा कामांमुळे ज्यांचा धंदा बुडतो त्या पारंपरिक मच्छीमारांना भरपाई देण्याचे धोरण असले पाहिजे, हे न्यायालयाला २०२१ साली सांगावे लागले. म्हणजे पन्नास वर्षांपूर्वी पहिला पूल झाला तेव्हा जे सुचायला हवे होते, ते तिसऱ्याच्या वेळी, तेही न्यायालयाकडून!

माझ्या वर्गात वाशीगावातला एक मुलगा आहे. त्याचे वडील अजूनही खाडीत होडी घालतात. बोय, कोळंबी, चिंबोरी, नशिबात असेल ते. मी त्यांना निवेदन वाचून दाखवले. त्यांनी शांतपणे ऐकले आणि विचारले, "मास्तर, वरून काय दिसणार?"

मी म्हणालो, "खाडी दिसेल, पाणी दिसेल."

ते म्हणाले, "वरून पाणी चकाकतंच. हात घातल्यावर कळतं काय हाय ते." आणि थोड्या वेळाने, "आमची होडी लावायची जागा तेवढी राहील ना?"

त्या प्रश्नाचे उत्तर निवेदनात नव्हते. मी पुन्हा दोन्ही पाने वाचली. वाहनतळ होता, उपाहारगृह होते, कारंजे होते, 'सेल्फी पॉइंट' होता. होडी लावायची जागा नव्हती. ज्याच्या अंगणात पाळणा बांधायचा त्याचे अंगणच कागदातून पुसलेले होते, आणि पुसणाऱ्यांना आपण काही पुसले याची जाणीवही नव्हती. मला राग आला तो याचा. दुष्टपणाशी भांडता येते. पण ज्याला दिसलेच नाही त्याच्याशी कसे भांडावे?

माझ्या स्नेह्यांच्या बाजूचे मुद्देही प्रामाणिकपणे मांडतो. ते म्हणतात, रोजगार मिळेल. मिळेल, तिकिटे फाडणारा, झाडू मारणारा आणि गाड्यांना शिट्टी वाजवणारा लागेलच. पण जो आज आपल्या होडीचा धनी आहे, त्याला उद्या दुसऱ्याच्या दारात शिट्टी वाजवायला लावणे याला मी रोजगार म्हणत नाही. ते म्हणतात, एकही तिवर तोडणार नाही. ठीक आहे. २०१८ साली मुंबई उच्च न्यायालयाने खारफुटीची नासधूस हा नागरिकांच्या जगण्याच्या हक्कावरचा घाला ठरवला आहे आणि तिच्याभोवती पन्नास मीटर जागा राखायची आहे; तेव्हा तोडणार नाही हा काही उपकार नव्हे. शिवाय ऐरोली आणि वाशीच्या पुलांच्या दरम्यान २०१५ सालापासून रोहित पक्ष्यांचे, म्हणजे सगळे ज्यांना आता फ्लेमिंगो म्हणतात त्यांचे, अभयारण्य आहे. २०२२ साली ठाण्याच्या खाडीला रामसर स्थळाचा मान मिळाला. जगाच्या नकाशावर आमचे नाव त्या चिखलाने आधीच नेऊन ठेवले आहे. आम्हाला ते पुरत नाही, कारण चिखलाला दिवे लावता येत नाहीत.

आणि ते म्हणतात, मुलांना आनंद मिळेल. या मुद्द्यापुढे मात्र मी हात जोडतो. पाळण्याचा आनंद मला कोणी सांगायला नको. आमच्या गावच्या जत्रेत लाकडी पाळणा यायचा. चार पेट्या, मधे जाड दांडा. यंत्र नाही, वीज नाही. एक माणूस खालून ओढायचा आणि दुसरा चौकटीवर चढून आपल्या अंगाच्या भाराने पेटी खाली आणायचा. आजोबांनी आठ आणे देऊन मला त्यात बसवले. वरून आमचे घर दिसले, घरावरची वाळत घातलेली गोधडी दिसली, आणि अंगणात उभी असलेली आईसुद्धा दिसली. तो पाळणा एवढाच उंच होता की आई ओळखू येत होती! उतरल्यावर मी त्या ओढणाऱ्याला आनंदाने सांगितले, "आमचं घर दिसलं!" तो पटक्याने घाम पुसत म्हणाला, "आमास्नी काय, तुमचं तळपाय दिसत्यात."

पुढे मी कादंबऱ्या लिहू लागलो. एका समीक्षकाने माझ्या पुस्तकावर लिहिताना असा ठपका ठेवला की या लेखकाला आपल्या पात्रांकडे उंचावरून, अलिप्तपणे पाहता येत नाही. तो त्यांच्या चिखलात उतरतो. तेव्हा मला वाईट वाटले होते. आता ते मी प्रशस्तिपत्र समजतो. उंचावरून पाहणारे लेखक आपल्याकडे पुष्कळ आहेत आणि त्यांची पुस्तके काचेसारखी स्वच्छ असतात. फक्त त्यांतल्या माणसांच्या पायांना भेगा नसतात. ज्याने एकदा पाळणेवाल्याचे ते बोल ऐकले, त्याला वर बसून लिहिण्याची सोय राहत नाही. आपण वर बसलो आहोत तर कोणीतरी खाली आपले तळपाय पाहतो आहे, एवढे तरी त्याला विसरता येऊ नये.

म्हणून मी सही केली नाही. मुलांना पाळणा हवा तर जत्रेतला आणा. चार दिवस फिरेल आणि मैदान मोकळे करून जाईल. मोठ्यांना खाडी पाहायची असेल तर ऐरोलीला वनखाते होडीतून रोहित दाखवते. तशीच सोय वाशीला करा आणि वल्हे गावच्या कोळ्याच्या हाती द्या. होडीतल्या माणसाचे क्षितिज पाण्याला टेकलेले असते. तिथून पूल केवढा मोठा दिसतो, त्याचे खांब केवढे दिसतात, आणि आपण त्यावरून रोज किती बेफिकीर गाडी नेतो, हे एकदा तरी खालून पाहून घ्यावे. नाकाला वासही येईल. तो येऊ द्या. लंडनची सुधारणासुद्धा नाकापासूनच सुरू झाली होती.

नुसता नकार देऊन मोकळे होणे बरे नव्हे, म्हणून मीही एक निवेदन लिहिले आहे. एकच पान आहे. खाडीत जाणारे सांडपाणी आधी शुद्ध करा. होड्या लावायची जागा कोळ्यांच्या नावे कायमची राखून ठेवा. आणि काठावर एक वीटही ठेवण्यापूर्वी वाशीगावात जाऊन सभा घ्या. तीन मागण्या आहेत. स्नेह्यांकडे घेऊन गेलो, तर त्यांनी चहा दिला, कागद वाचला, आणि "यात भव्य असे काही नाही हो, मास्तर," असे म्हणून परत केला.

त्या कागदावर तूर्त तीन सह्या आहेत. एक माझी. एक माझ्या विद्यार्थ्याच्या वडिलांची, निळ्या शाईतली, जरा थरथरलेली. तिसरी त्या म्हातारबुवांची, ज्यांनी सभेत "कुणाची आय?" असे विचारले होते. सही करताना त्यांनी खाडीकडे हात केला आणि म्हणाले, "हिचीच गोष्ट हाय न्हवं?"

चौथी जागा मोकळी आहे.